चिकटपट्टीच्या भिंती

या वेळी आधी प्लॅन आणि मगच काम, असं तालेवारांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा घरात कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. ऑफिसात त्यांना तालेवार म्हणत, आणि त्याचा श्रीमंतीशी सुतराम संबंध नव्हता. विम्याचे दावे तपासता तपासता ते टेबलावर बोटं वाजवत. दावा फेटाळायचा असला की ठेका संथ, मंजूर करायचा असला की जलद. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना निकाल आधीच कळायचा! कॉलेजात ते खरोखरचे ड्रम वाजवत. तेव्हाच्या एका स्पर्धेत त्यांच्या बँडला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आणि तेवढ्या उत्तेजनावर हा माणूस पन्नाशी ओलांडून आला होता.

"प्लॅन?" बायको म्हणाली. "म्हणजे आपल्या बेडरूममधल्या कपाटाचा होता तसा?"

ते कपाट तालेवारांनी स्वतः मापं घेऊन करवून घेतलं होतं. कपाट उत्तम होतं. खोलीत पलंग असेपर्यंत त्याचं उजवं दार उघडत नसे, एवढंच. त्या दारामागे तालेवारांचा लग्नातला सूट होता, निदान असावा अशी घरात सगळ्यांची श्रद्धा होती.

"तो प्लॅन नव्हता. तो अंदाज होता," तालेवार शांतपणे म्हणाले. "हा प्लॅन असेल."

प्रश्न ड्रमच्या बूथचा होता. मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि महिनाअखेरीस ती जाणार होती. जाण्यापूर्वी तिला स्वतः रचलेलं पहिलं गाणं पुरं करायचं होतं. हॉलच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप, माइक आणि हेडफोन मांडून तिने आपला छोटा स्टुडिओ थाटला होता. गिटार झाली होती, गळा झाला होता, राहिले होते ड्रम. एकदा बाहेर जाताना, बुटाची नाडी बांधता बांधता, ती बोलून गेली, "बाबा, ड्रम तुम्हीच वाजवा ना."

ती हे बोलली, नाडी बांधली आणि गेली. तालेवार मात्र दाराकडे बघत तसेच उभे राहिले. पोरगी मोठी झाल्यापासून तिने त्यांच्याकडे काही मागितलं असेल तर तो वायफायचा पासवर्ड. आणि आता ती त्यांचा ठेका मागत होती! दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका बंद पडलेल्या बँडचा जुना ड्रमसेट घरी आणला.

अडचण खालच्या मजल्यावर राहत होती. तिथे एक निवृत्त हेडमास्तर होते. सेट आणल्यावर तालेवारांनी तपासायचा म्हणून मोठ्या ड्रमवर एक ठोका दिला. एकच. त्याचा आवाज विरायच्या आत दारावरची बेल वाजली. हेडमास्तर धोतर सावरत उभे होते.

"आमच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं," ते म्हणाले. "नियम सांगतो. घरातला आवाज घरात राहिला पाहिजे. माझ्या घरात तुमचा आवाज आला, तर सोसायटीकडे तक्रार जाईल, आणि हे डबे या इमारतीच्या बाहेर जातील."

तेव्हा बूथ! हॉलच्या कोपऱ्यात, खिडकी आणि सोफा यांच्या मधल्या जागेत, खोलीच्या आत एक इवलीशी खोली. दुहेरी भिंती, मध्ये आवाज पिणारी लोकर, खाली रबर, रबरावर फळ्या, आणि तिजोरीसारखं दार. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

"बाबा, एवढं कशाला?" मुलगी म्हणाली. "मी कॉम्प्युटरवरचे ड्रम टाकते की."

"कॉम्प्युटरला काळीज असतं का?"

"नसतं. पण त्याची लय सुटत नाही."

तालेवारांनी हे वाक्य ऐकलं नाही. म्हणजे कानात गेलं, पण आत घेतलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी कागदावर नकाशा काढला. बायकोने तो उलटा धरला आणि विचारलं, "हा फ्रिज आहे का?" त्यांच्याकडेच राहायला आलेल्या सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "छान काढलंय. गाय आहे ना?" तो चौकोनात बसलेला ड्रमसेट होता. तेव्हा तालेवारांच्या लक्षात आलं की कागदाने या घरात काम भागणार नाही. प्लॅन खऱ्या मापाचा हवा! आणि तो जमिनीवर हवा!

त्यांनी रुंद पिवळ्या चिकटपट्टीचं बंडल आणलं आणि रविवारची अख्खी सकाळ हॉलभर रांगत, फरशीवर बूथ आखला. बाहेरच्या भिंतीची एक रेघ, आतल्या भिंतीची दुसरी, मध्ये लोकरीची जागा. एका बाजूला पट्टी तोडून दार ठेवलं. काम संपलं तेव्हा गुडघे ड्रमसारखे सुजले होते, पण चेहऱ्यावर ताजमहाल बांधून झाल्याचं समाधान होतं.

"आता नीट ऐका," त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं. "ही पट्टी नाही. ही भिंत आहे. भिंत असल्यासारखंच वागायचं. काही दिवस असं जगून बघितलं की चुका आधीच कळतील. मागाहून पलंग सरकवायला नको."

"म्हणजे गॅलरीत कपडे वाळत घालायला जायचं तर?" बायकोने विचारलं.

"सोफ्याला वळसा घालून."

"आणि सोफ्यावर कुणी पाय पसरून बसलं असलं तर?"

"तर पाय घ्यायला सांगायचं! भिंत झाल्यावर सांगणारच आहेस ना? मग आत्तापासून सांग."

"पाय तुमचेच असतात," बायको म्हणाली आणि कपड्यांची बादली घेऊन वळसा घालून गेली.

पहिली चूक सासूबाईंनी केली. त्या आपल्या नादात लोकरीचा गुंडा घेऊन सरळ पट्टी ओलांडून आल्या.

"सासूबाई!" तालेवार किंचाळले. "तुम्ही भिंतीतून आलात!"

"अगं बाई!" त्या दचकून जागच्या जागी थांबल्या. "लागलं नाही हो पण कुठे."

"परत जा. दाराने या."

सासूबाई आल्या पावली मागे गेल्या, वळसा घालून दाराशी आल्या, आणि हवेत टकटक करून म्हणाल्या, "जावईबापू, येऊ का?"

तालेवारांना भरून आलं. इतका मान त्यांच्या सूचनेला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होता.

पुढे तर कमालच झाली. तालेवार बूथमध्ये स्टुलावर बसून हवेत हात फिरवत, कोपर भिंतीला लागतंय का ते बघत होते. स्टूल सरकल्याचा आवाज झाला असावा. हेडमास्तर आले. घराचं दार उघडंच होतं. ते हॉलमध्ये येऊन बोलायला लागले, "अहो, हे काय चाललंय? फर्निचर ओढताय की..."

तालेवारांनी दोन्ही कानांना हात लावले आणि मान हलवली. ऐकू येत नाही!

"काय ऐकू येत नाही? मी समोर उभा आहे!"

तालेवारांनी बोटाने पिवळी पट्टी दाखवली. मग कान दाखवले. मग दार दाखवलं.

दुसरा कुणी असता तर त्याने डॉक्टर बोलावला असता. पण हेडमास्तरांनी आयुष्यभर नियम केले होते आणि ते मोडणारी माणसंच पाहिली होती. त्यांनी सगळी परिस्थिती समजून घेतली. ते वळसा घालून दाराशी गेले, अदृश्य कडी काढली, आत डोकं घालून म्हणाले, "स्टुलाला खालून रबर लावा." मग डोकं बाहेर काढलं, दार नीट ओढून घेतलं, आणि तालेवारांच्या बायकोकडे वळून म्हणाले, "बाई, शिस्त आहे हो तुमच्या घरात. आवडलं."

इथपर्यंत सगळं तालेवारांच्या मनासारखं होतं. पुढचं त्यांनी स्वतः ओढवून घेतलं.

एका संध्याकाळी ते ऑफिसातून आले, तर बायको बूथमध्ये स्टुलावर मासिक वाचत बसलेली.

"अगं, माझा चष्मा पाहिलास?"

पान उलटलं.

"अगं, चष्मा! आणि वीजवाल्याचा फोन आला होता का? आणि चहा झालाय का?"

बायकोने मान वर केली. प्रेमाने हसली. दोन्ही कानांना हात लावले. मग पिवळी पट्टी दाखवली.

तालेवार भिंतीबाहेर उभे राहिले. तसं पाहिलं तर एक पाऊल टाकून ते आत जाऊ शकले असते. पण प्लॅन त्यांचा होता, नियम त्यांचे होते. ते वळसा घालून दाराशी गेले आणि टकटक केली. आतून आवाज आला, "कामात आहे!"

"तू काय काम करतेयस?"

"ऐकू येत नाहीये!"

"मग मी टकटक केलेलं कसं ऐकू आलं?"

यावर आत फक्त पान उलटलं. तासभर पानंच उलटत राहिली. चहा तालेवारांनी स्वतः केला. साखर समजून त्यात मीठ पडलं, पण तेही कुणाला सांगता येईना. ज्याला सांगायचं ते माणूस बंद खोलीत!

लग्नानंतर इतक्या वर्षांत आपल्या घरात अशी एक जागा असू शकते जिथे आपल्याला कुणी हाक मारू शकत नाही, हा शोध बायकोला लागला होता, आणि आता तो मागे घेणं कुणाच्याही हातात नव्हतं. तिने पलंगावरची उशी आणून स्टुलावर ठेवली. मग स्टूल गेलं आणि आरामखुर्ची आली. आरामखुर्ची मावेना, म्हणून एक भिंत हातभर बाहेर सरकली. भिंत सरकवणं फार सोपं होतं, नखाने पट्टी उचकटायची आणि पलीकडे चिकटवायची.

दुपारी बूथ सासूबाईंकडे असे. त्यांच्या धाकट्या बहिणीचा रोज दुपारी फोन येई आणि तो जेवणापासून चहापर्यंत चाले. आता फोन वाजला की त्या लगबगीने आत शिरत, दार लावत आणि विणकाम काढत. बाहेरून नात ओरडे, "आजी, फोन!" आजी सुया थांबवून तिच्याकडे कौतुकाने बघे आणि कान दाखवे.

सकाळ हेडमास्तरांची. ते एकदा पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "घरी सूनबाईंचा शिवणवर्ग असतो. पाच मिनिटं बसू का?" त्यानंतर ते रोज येऊ लागले. पेपर अग्रलेखासकट वाचून होईपर्यंत हलत नसत. आत कुणी असलं की बाहेरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून नंबर लावत. टॉवेल निळा असला की हेडमास्तर, गुलाबी असला की सासूबाई. तालेवारांकडेही टॉवेल होता. पण त्यांनी टाकला की बायको तो ओला समजून वाळत घालायची.

"अहो, हा ड्रमचा बूथ आहे!" एकदा ते हेडमास्तरांना म्हणाले.

हेडमास्तरांनी पेपरवरून पाहिलं, कान दाखवले, आणि पुन्हा पेपरात शिरले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ड्रम कधी वाजवायचे? माझे थोडेच दिवस राहिलेत."

"प्लॅन चालू आहे."

"प्लॅन तुमच्याशिवाय चालू आहे, बाबा."

ती लॅपटॉपकडे वळली. "तात्पुरते कॉम्प्युटरवरचे ड्रम टाकलेत मी. ऐकता?" तालेवारांनी हेडफोन लावले. ते ड्रम वाईट नव्हते. तेच तर दुःख होतं! एकही ठोका इकडचा तिकडे नाही. दमणं नाही, चहा मागणं नाही, गुडघे दुखणं नाही.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण काळीज नाही."

"काळजासाठीच तर थांबलेय," मुलगी म्हणाली. "पण गाडी माझ्यासाठी थांबणार नाही."

त्या वाक्याने तालेवारांना झोपेत गदगदा हलवल्यासारखं झालं. पोरगी चालली होती. पुढच्या खेपेला ती येईल तेव्हा तिची नवी गाणी असतील, नवे वाजवणारे असतील. हे एकच गाणं होतं ज्यात त्यांना जागा होती, आणि ती जागा ते गेले कित्येक दिवस फरशीवर आखत बसले होते! त्यांनी ताबडतोब सुताराला बोलावणं धाडलं.

सुतार काही दिवसांनी उगवला, तेव्हा सगळे हॉलमध्ये हजर होते. त्याने खांद्यावरची पिशवी ठेवली, मोजपट्टी काढली आणि आखणीकडे निघाला.

"अहो अहो!" सासूबाई ओरडल्या. "भिंतीतून कुठे चाललात?"

सुताराने पाय हवेतच धरला. त्याने तालेवारांकडे पाहिलं. तालेवारांनी मान खाली घातली. सुतार मुकाट वळसा घालून दाराने आत गेला. गिऱ्हाईक म्हणेल तसं, हे त्याचं धोरण असावं.

"हं, बोला. काय काय हवंय?"

तालेवारांनी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आतून कडी. बाहेरून नको, आतूनच. आणि वाचायला डोक्यावर दिवा."

"एक खिडकी ठेवा हो," सासूबाई म्हणाल्या. "कोण कोण हाका मारतंय ते दिसलं पाहिजे. ऐकू नाही आलं तरी चालेल, पण दिसलं पाहिजे. मजा येते."

"पेपर ठेवायला फळी," हेडमास्तर म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते टॉवेल न्यायला आले होते.

सुताराने मापं घेतली. घेता घेता तो जेवणाच्या टेबलाखाली शिरला, कारण बूथची एक भिंत आता टेबलाच्या पलीकडे गेली होती. तिथून तो रांगत बाहेर आला, उभा राहिला, आणि डोकं खाजवत म्हणाला, "खोली मस्त होईल साहेब. पण तुम्ही फोनवर ड्रमचं काहीतरी म्हणाला होता. ते ड्रम कुठे बसणार यात?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, लग्नाच्या पंगतीत नवरदेवालाच वाढायचं राहून गेल्यासारखं.

"ड्रम?" सासूबाई म्हणाल्या. "ते गॅलरीत आहेत ना? मी त्यावर पायपुसणी वाळत घालते. खडखडीत वाळतात हो."

तालेवार गॅलरीत गेले. मोठ्या ड्रमवर पायपुसणी होती. स्टँडवर टांगलेल्या सिंबलच्या पितळी थाळीवर मोजे होते. छोट्या ड्रममध्ये कपड्यांचे चिमटे भरले होते, आणि त्यात घराची एक कधीची हरवलेली किल्लीही सापडली.

ते परत आले. "कधी करून द्याल?" त्यांनी सुताराला विचारलं.

"पुढच्या महिन्यात मोकळा आहे."

"मुलगी उद्या जाणार आहे हो!"

"मग ती आली की करू," सुतार म्हणाला, पिशवी उचलली, आणि दाराने बाहेर पडला. जाताना अदृश्य कडी लावायला विसरला नाही.

तालेवार सोफ्यावर बसले. त्यांची बोटं सोफ्याच्या हातावर वाजायला लागली. ठेका संथ होता. मुलीने ते ऐकलं. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "जाऊ दे, बाबा. कॉम्प्युटरचे ड्रम चांगले आहेत."

तेवढ्याने सगळा घोटाळा झाला. ती रागावली असती तर चाललं असतं. तिने समजूत घातली! तालेवारांचा चेहरा असा झाला की बायकोने हातातलं मासिक ठेवलं.

"मास्तर," ती हेडमास्तरांकडे वळून म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी या बूथमध्ये बसता. आत बसल्यावर तुम्हाला बाहेरचं काही ऐकू येतं?"

"मुळीच नाही!" हेडमास्तर बाणेदारपणे म्हणाले.

"काल मी तुम्हाला तीनदा सांगितलं की तुमच्या सूनबाई बोलवायला आल्यात. तेही नाही?"

"नाही. भिंत आहे ना!"

"मग आतलं बाहेर येईल का?"

हेडमास्तरांनी पट्टीकडे पाहिलं. टॉवेलाकडे पाहिलं. खाली शिवणवर्ग चालू होता, मशिनांची घरघर इथवर येत होती, आणि सकाळ रोज होणार होती.

"नियम," ते जड आवाजात म्हणाले, "दोन्ही बाजूंनी लागू होतो."

झालं! आरामखुर्ची बाहेर, ड्रम आत. मुलीने माइक लावले. सासूबाईंनी मोजे काढून घेतले. बायकोने भिंत पुन्हा जागेवर चिकटवली. हेडमास्तर खाली जायला निघाले होते, पण मध्येच थांबले आणि सोफ्यावर पेपर उघडून बसले. खाली गेलो तर ऐकू येईल, इथे बसलो तर निदान ऐकू येत नाही असं म्हणता तरी येईल, असा त्यांचा हिशोब असावा.

तालेवार दाराने आत गेले. दार लावलं. हेडफोन घातले. मुलीने बोट वर केलं, गाणं सुरू झालं, आणि तालेवारांनी वाजवायला सुरुवात केली. सगळ्या घराला हादरा बसला. कपाटातले पेले एकमेकांना बिलगले. फोटो तिरके झाले. सासूबाईंच्या सुया भलत्याच वेगाने चालू लागल्या आणि स्वेटरची एक बाही वितभर वाढली. हेडमास्तर दगडासारखे बसून होते. पेपर उलटा होता, पण नजर ढळली नाही!

पहिल्या खेपेला तालेवार उशिरा सुरू झाले. दुसऱ्या खेपेला लवकर संपले. तिसऱ्या खेपेला उजव्या हातातली काठी सुटली आणि भिंतीतून आरपार हॉलमध्ये जाऊन पडली. कुणी जागचं हललं नाही. मग सासूबाई उठल्या, काठी उचलली, वळसा घालून दाराशी आल्या, टकटक केली आणि काठी आत दिली.

"वाजवा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही ऐकू येत नाहीये."

चौथ्या खेपेला मात्र जमलं. का जमलं कोण जाणे! गाण्यात मुलीचा आवाज वर चढला तसे तालेवारांचे हात आपोआप चढले, ती थांबली तिथे थांबले. काचेपलीकडून बघावं तसं ते मुलीकडे बघत होते, आणि ती लॅपटॉपसमोर मान डोलवत होती, लहानपणी झोपाळ्यावर डोलवायची तशीच. गुडघे नव्हते. पन्नाशी नव्हती. उत्तेजनार्थ तर मुळीच नव्हतं. गाणं संपलं. तालेवार घामाने निथळत, धन्य होऊन स्टुलावरून उठले.

मुलगी हेडफोन लावून पुन्हा ऐकत होती. तिचे डोळे मोठे झाले. तिने एक भाग मागे नेला, परत ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला.

"बाबा," ती म्हणाली. "हे कसं केलंत तुम्ही?"

"कुठलं?" तालेवारांनी घाम पुसत विचारलं.

"शेवटचं. गाणं संपल्यावर, सगळं शांत झाल्यावर, ते हलकंसं... सिंबलचं... झुईईई करत विरत जातं ते! अंगावर काटा आला. असं कॉम्प्युटरला जन्मात जमणार नाही. हे गाण्यात ठेवणार मी!"

तालेवारांनी आठवून पाहिलं. गाणं संपल्यावर त्यांनी काहीही वाजवलं नव्हतं. मग त्यांना डाव्या कोपराला ठणका जाणवला. उठताना ते थाळीला आपटलं होतं.

"ते... सुचलं आपलं," ते म्हणाले. "आणि बाकीचं?"

"बाकीचं पण आहे ना. नीट जपून ठेवलंय."

"गाण्यात?"

मुलीने त्यांचा घामट हात हातात घेतला. "लॅपटॉपमध्ये, बाबा."

ती दुसऱ्या दिवशी गेली. काही दिवसांनी गाणं आलं, आणि तालेवारांनी ते जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात सगळ्यांना मोबाइलवर ऐकवलं. शेजारच्या टेबलावरचे कारकून पहिल्या ओळीपासून पायाने ठेका धरू लागले. कॉम्प्युटर आपलं काम चोख करत होता. गाणं शेवटाला आलं, तालेवारांनी बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि नेमका तेव्हाच कुणाला तरी ठसका लागला.

"वा, तालेवार, वा!" कारकून टेबलावर थाप मारून म्हणाले. "हे सगळे ड्रम तुम्ही वाजवलेत? काय हात आहे हो तुमचा!"

खरं सांगून टाकावं, असं तालेवारांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी कोपर चोळलं.

"हाताचं काही नसतं हो त्यात," ते विनयाने म्हणाले. "कोपरातून यावं लागतं."